उचलायचं नाही

आधी कॉट हलली. वैष्णवी भिंतीकडं तोंड करून झोपली होती, श्रीपाद तिच्या पायथ्याशी टेकून कोचिंगच्या पोरांचे रसायनशास्त्राचे पेपर तपासत होता, आणि कॉटचा लोखंडी पाय फरशीवर खडखड खडखड वाजायला लागला. बस्स, एवढंच झालं. पण लातूरच्या माणसाला एवढं पुरतं, आणि श्रीपादला तर याच्या निम्मंही पुरलं असतं. त्याच्या तोंडात एकदम मातीची चव आली. पेपर कुठं पडले ते त्यानं बघितलं नाही, पायात चप्पल घातली नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या मानेखाली एक हात, गुडघ्यांखाली एक हात, आणि 'विमल, भूकंप! बाहेर हो, बाहेर!' असं बोंबलत तो अंगण ओलांडून गल्लीत. गल्ली सगळी कोचिंगवाल्यांची. समोर शेषेरावांचं चार मजली होस्टेल, शेजारी मेस, मेसच्या वर अभ्यासिका. सरांचा आवाज ऐकल्याबरोबर डॉक्टर व्हायला निघालेली ती सगळी पोरं जिन्यावरून धडाधडा खाली आली, कुणी टॉवेलवर, कुणाच्या हातात पेन तसंच, एकाच्या हातात अर्धी खाल्लेली पोळी. सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि रीतीप्रमाणं माना वर करून विजेच्या तारांकडं बघायला लागले. त्र्याण्णवच्या भूकंपापासून लातुरात हीच रीत आहे. खरंच हललं की मनाचा खेळ, ते आधी तारांना विचारायचं.

तारा गप्प होत्या. होस्टेलच्या टाकीवर कावळा बसला होता, तोही जागचा उठला नव्हता. 'कुठं हाय वो सर?' शेषेराव बनियनवर पुढं आले. 'तारा तर गप हायत की. माझा चहा बी सांडला न्हाई.' पोरांत कुणीतरी खुसखुसलं. त्यांचं तरी काय चुकलं? नुसता ट्रक गेला तरी श्रीपाद सर रस्त्यावर येतात, हे गल्लीला पाठ होतं. पण श्रीपादला काही ऐकू येत नव्हतं, कारण त्याच्यापुरतं अजून हलतच होतं. पायाखाली घट्ट, घरं जागच्या जागी, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत मात्र सारखे हिसके. त्याला कळेचना की सगळं गाव सोडून भूकंप आपल्या दोन हातांतच कसा आला. तेवढ्यात कणकेचे हात घेऊन विमल धावत आली, तिनं पोरीचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि ती जी ओरडली ते अजून त्या गल्लीतल्या लोकांना आठवत असेल. 'अहो, बघता काय असे! जमीन नाही, ही हलतेय! आपली वैष्णू हलतेय!' पोरीचे डोळे वर गेले होते, दातखीळ बसली होती, ओठांच्या कोपऱ्यातून फेस येत होता आणि उजवा हात, उजवा पाय कुणीतरी ओढून सोडावा तसा उडत होता. आणि तो, शहाणा बाप, तिला घेऊन तारांकडं बघत उभा होता!

मग जे होतं ते झालं. कुणी म्हणालं कांदा फोडून हुंगवा, कुणी म्हणालं चप्पल आणा, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबायला लागलं. महेबूब रिक्षावाला कोपऱ्यावर होता, त्यानं तेवढं शहाणपण केलं. 'सर, हे सगळं राहू द्या, बसा आधी,' म्हणाला आणि हॉर्नवरचा अंगठा दवाखाना येईपर्यंत काढला नाही. रिक्षात वैष्णवी थांबली. म्हणजे हलायची थांबली, आणि ते त्याहून भयंकर होतं. अंग ढिलं पडलं, मान श्रीपादच्या दंडावरून लोंबायला लागली. 'वैष्णू, ए वैष्णू, माझ्याकडं बघ,' विमल म्हणत होती, आणि श्रीपादच्या मनात मात्र सारखं एकच फिरत होतं, डोकं, डोकं दुखतंय म्हणत होती. तीन आठवडे म्हणत होती. पण लातुरात डोकं दुखणं हा काय आजार आहे? या गावात पोरांची डोकी दुखतातच. होस्टेलात ज्याच्या त्याच्या उशाशी गोळ्यांचं पाकीट असतं, आणि गल्लीगल्लीत चष्म्याची दुकानं काय उगाच निघालीत? चौथीची स्कॉलरशिप जवळ आलेली, पोरगी पुस्तक मिटून भिंतीकडं तोंड करून पडायची. श्रीपादनं तिला चष्मेवाल्याकडं नेलं. अर्धा नंबर निघाला. निळी काडी तिनंच पसंत केली, आरशात बघून म्हणाली, 'बाबा, आता मी तुमच्यासारखी दिसते.' घरी येताना रिक्षात ओकली. तेव्हा तो म्हणाला होता, नवीन चष्म्यानं होतं असं. रसायनशास्त्र शिकवतो! हजार पोरांना मेडिकलला लावणारा माणूस, आणि घरातलं लेकरू उजेड सहन होत नाही म्हणून डोळे झाकून बसतंय, तर त्याला वाटलं गणिताचा कंटाळा. महेबूबच्या रिक्षात ती निळी काडी त्याच्या खिशातून टोचत होती. कधी खिशात टाकली होती कुणास ठाऊक.

माती. तोंडातून ती चव जाईना. औशाच्या पलीकडं त्याचं गाव होतं, म्हणजे आहे, पण दुसऱ्या जागेवर, सिमेंटच्या एकसारख्या घरांचं. जुन्या गावात दगडांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं. गणपती बुडवून आल्यावर तो आईबरोबर बाहेरच ओट्यावर आडवा झाला, वडिलांना गारठा सोसत नाही म्हणून ते आत गेले. एवढाच फरक. उजाडलं तेव्हा गावात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, जो तो दगड बाजूला करत होता, आणि सगळ्यांच्या तोंडात एकच माती होती, छपराची. श्रीपादला नंतर कुणीही विचारलं तर तो आवाजाचं नाही सांगायचा, धक्क्याचं नाही सांगायचा, चवीचं सांगायचा. तेव्हापासून त्यानं स्लॅबखाली पाठ टेकली नाही. लातूर वाढलं, ज्यांच्याकडं गुंठाभर जागा होती त्यांनी मजल्यावर मजले चढवून पोरं भरली. श्रीपादनं मात्र पत्र्याचंच घर धरलं. उन्हाळ्यात आत बसवत नाही, पावसात बोललेलं ऐकू येत नाही, तरी पत्राच. 'पत्रा पडला तर डोकं फुटेल, माणूस उरेल,' असं तो विमलला सांगायचा. तीही बिचारी ऐकून घ्यायची. क्लास चौथ्या मजल्यावर होता, त्याला इलाज नव्हता. तिथं तो दारात उभा राहून शिकवायचा. फळ्यावर समीकरण लिहायचं आणि परत दारात. पोरं नकला करायची. वैष्णवी घरी अगदी हुबेहूब नक्कल करायची, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून, चष्मा वर सारून, 'पोरांनो, आता बघा काय होतं!' आणि सगळ्यात आधी त्यालाच हसू यायचं.

लातूरच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला, तो उजेडाला धरून बघितला आणि बसा म्हणाले. मेंदूवरच्या आवरणाला टीबी झाला होता आणि आत पाणी साचत होतं. त्या पाण्याचा दाब वाढला म्हणून फीट आली. पाणी बाहेर काढायला हवं, डोक्याला छिद्र पाडून, आणि ते लवकर, आणि ते करणारे लहान मुलांचे सर्जन आज इथं नाहीत, नांदेडला आहेत. 'वाचेल ना?' विमलनं विचारलं. डॉक्टरांनी 'नांदेडला न्या,' एवढंच सांगितलं. आणि श्रीपादच्या तोंडून निघून गेलं, 'नांदेडला? तिथं तर जमीन हलून राहिली ना सध्या!' खरंच होतं ते. त्या साली नांदेडात जमिनीच्या पोटातून आवाज येत होते, लोक सतरंज्या घेऊन मैदानात झोपत होते, रोज पेपरात येत होतं आणि श्रीपाद ती बातमी सगळ्यात आधी वाचत होता. विमलनं त्याच्याकडं बघितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, तिनं त्याची सगळी भीती घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी सांभाळली होती, दाराला कधी कडी लावली नाही, माळ्यावर कधी जड सामान ठेवलं नाही. पण आता ती म्हणाली, 'हलू द्या. सगळं नांदेड गोदावरीत जाऊ द्या. पोरीला घेऊन आपण तिथंच जाणार.' आणि ती अँब्युलन्समध्ये चढून बसली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. रस्ता सगळा खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला वैष्णवी स्ट्रेचरवर उडायची आणि प्रत्येक वेळी श्रीपाद झडप घालायचा, हा खड्डा की फीट? हा खड्डा. हा? हाही खड्डाच. देवा, खड्डेच असू देत! आजवर त्याला जमिनीनं हललेलं नको होतं. आता जे हलतंय ते जमिनीमुळंच असावं म्हणून तो हात जोडत होता.

नांदेडात विमलचा भाऊ राघवेंद्र दारातच उभा होता. तो विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायचा, त्यानं सगळी धावपळ करून ठेवली होती, म्हणून लगेच आत घेतलं. वेणी कापली. वैष्णवीची वेणी विमलच्या हातात देऊन सिस्टर म्हणाल्या, ठेवायची असली तर ठेवा. ऑपरेशन झालं. डोक्यातून एक बारीक नळी बाहेर काढली होती, ती स्टँडवरच्या बाटलीत जात होती आणि त्यात थेंबथेंब पाणी पडत होतं. तिसऱ्या मजल्यावर वॉर्ड, वॉर्डात एकाच माणसानं बसायचं. श्रीपाद जिन्यापर्यंत गेला. वर बघितलं, स्लॅबवर स्लॅब, त्यावर पाण्याच्या टाक्या, खाली नांदेडची हलती जमीन, आणि क्लासचे चार मजले रोज चढणाऱ्या माणसाचा पाय उचलेना. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाय उचलेना. 'तुम्ही खालीच थांबा, औषधं आणायला माणूस लागतंच,' विमल म्हणाली, आणि त्या बोलण्यात टोमणा नव्हता हेच त्याला जास्त लागलं. मग तो दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली राहायला लागला. चिठ्ठी आली की औषध आणायचं, वॉर्डबॉयकडं द्यायचं, परत लिंबाखाली. विमल खिडकीत येऊन हातानं सांगायची, झोपली आहे, ताप आहे, ताप उतरला. एकदा तिनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीतून निघून गेली. पुन्हा दिसेपर्यंत श्रीपाद कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोलला ते त्याचं त्याला माहीत. फीट पुन्हा आली होती. नंतर डोळे उघडले, पण नुसतेच. आई समोर आहे तरी बघणं तिच्या पलीकडं कुठंतरी. बोलत नव्हती, उजवा हात उचलत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, जीव आज तरी हाताशी आहे. आता मुलगी किती उरली आहे ते ती बोलेल तेव्हा कळेल. मुलगी किती उरली आहे! लिंबाखाली बसून श्रीपाद या वाक्याभोवती फिरत राहायचा. माणूस उरतं म्हणजे अख्खं उरतं असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

शेवटी विमलला उभंही राहवेना. राघवेंद्रानं तिला हाताला धरून खाली आणलं, डोळे खोल गेलेले, अंगावर तेच कणकेचे डाग पडलेलं पातळ. 'मी भावाकडं जाऊन अंग धुऊन येते,' ती म्हणाली. 'तोवर तुम्ही बसा तिच्यापाशी.' श्रीपादनं राघवेंद्राकडं बघितलं. 'त्याला नाही, तुम्हाला म्हणतेय,' विमल म्हणाली. 'ती बाबांनाच शोधून राहिली असेल. मी कितीदा समोर जाऊ तिच्या?' आणि तो गेला. कसा गेला ते विचारू नका. कठड्याला धरून, एका एका पायरीला थांबून, आंधळ्यासारखा. सिस्टरनं त्याला बाटली दाखवली. 'हे बघा काका, बाटली आणि तिचं डोकं, या दोघांची पातळी आम्ही लावून दिलीये. बाटली खाली गेली तर पाणी फार निघून जाईल, वर गेली तर उलटं होईल. म्हणून स्टँड हलवायचा नाही, हिला बसवायचं नाही, आणि काहीही झालं तरी उचलायचं नाही. आणि फीट आली तर कुशीवर वळवायचं, आम्हाला हाक मारायची.' श्रीपादनं मान हलवली. उचलायचं नाही. खाटेवर बोडक्या डोक्याचं एक लहान म्हातारं माणूस पडलं होतं, आणि त्याच्या नाकाखाली वैष्णवीचा तीळ होता. शेजारच्या खाटेपाशी धर्माबादची फरीदा बसली होती, तिचा अमान तापातून उठून आता बिस्किटांसाठी भांडत होता. 'असे घामाघूम नका होऊ हो भाई,' ती म्हणाली. 'माझं लेकरू बी मातीच झालं होतं. बघा आता कसं डोकं खातंय माझं.' श्रीपादला हसावंसं वाटलं. पण तो एका डोळ्यानं पोरीकडं आणि एका डोळ्यानं छताकडं बघत होता, आणि छताला पंख्याच्या कडीपासून कोपऱ्यापर्यंत एक भेग गेली होती. केसभर. नुसत्या रंगाचीही असेल. तो भीत होता, अगदी उघड भीत होता, आणि दार पार लांब होतं.

दुपार कलली होती, वीज गेली होती, आणि खाली जनरेटर घरघरायला लागला असं त्याला वाटलं. मग खाट हलली. खाटेच्या दांड्या खडखड वाजल्या, आणि श्रीपादनं छताकडं बघितलंच नाही. 'आली! सिस्टर, फीट आली!' तो ओरडला. एक हात पोरीच्या खांद्यावर, एक हात कमरेवर, तिला कुशीवर वळवली, जबडा चाचपला, तोंडात जीभ मागं गेली की काय बघितलं, आणि गुडघा लावून बाटलीचा स्टँड घट्ट धरून ठेवला. 'वैष्णू, बाळा, होतंय, थांबतंय आता, मी आहे, मी इथंच आहे.' मागं काय चाललं होतं ते त्याच्या कानावर येत होतं पण आत उतरत नव्हतं. पावलं, किंचाळ्या, काच फुटल्याचा आवाज, फरीदा अमानला छातीशी धरून, सलाईनची बाटली दातांत पकडून पळत होती आणि पळता पळता काहीतरी ओरडून सांगत होती. त्याला एवढंच कळत होतं की हाताखाली जबडा सैल आहे. डोळे वर गेलेले नाहीत. उजवा पाय उडत नाही. पोरगी तर निवांत पडली आहे. मग हे हलतंय काय? आणि मग थांबलं. वॉर्डात चिटपाखरू नव्हतं. खाटा वेड्यावाकड्या, एका खाटेवर चपातीचा डबा उपडा पडलेला, आणि पांढऱ्या रंगाचे पोपडे अजून वरून पडत होते, त्याच्या हातावर, पोरीच्या चादरीवर. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. 'अरे, भूकंप!' तो म्हणाला. 'नुसता भूकंप होता!' आणि त्याला हसू फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याच हातानं तो पोरीच्या गालावरचे पोपडे टिपायला लागला.

'बाबा.'

'काय गं?'

'सगळे कुठं गेले?'

'खाली गेले पळून. जमीन हलली ना बाळा,' तो म्हणाला, घरात रोज बोलावं तसं, आणि बोलून झाल्यावर त्याचे हात जागच्या जागी थिजले. आवाज घोगरा होता, शब्द जाड जिभेचे होते, पण तिनं बाबा म्हटलं होतं. सगळे कुठं गेले असं विचारलं होतं. ती त्याच्या पलीकडं बघत नव्हती, त्याच्याकडंच बघत होती, आणि कपाळाला तीच आठी पडली होती, गणित चुकलं की पडायची ती. 'आपण का नाही गेलो?' ती म्हणाली. जमिनीनं पुन्हा एकदा अंग चोरल्यासारखं केलं, दूर कुठंतरी दार आपटलं, आणि त्याच्या पाठीवर भीतीचा काटा सरसरून गेला. भीती होतीच, ती कुठंही गेली नव्हती. 'मला उचला ना,' वैष्णवी म्हणाली आणि तिनं हात वर केले. डावा लगेच वर आला. उजवा चादरीवर नुसता सरकला, बोटं वळली, थांबला, पुन्हा सरकला, आणि मग कोपरातून थरथरत, डाव्याच्या कितीतरी मागून, वर यायला लागला. श्रीपाद बघत राहिला. मोठा श्वास घ्यायलाही तो भ्यायला होता.

'उचलायचं नाही गं राणी,' तो म्हणाला. 'डॉक्टर रागावतील. थांब, मीच येतो.' स्टँड गुडघ्यानं तसाच धरून त्यानं मान खाली घातली, पार तिच्या उशीपर्यंत. छत आता त्याच्या पाठीवर होतं. खालून आवारातून लोक ओरडत होते, 'वर कोण ऱ्हायलंय? खाली या, अजून हलून राहिलंय!' वैष्णवीनं डावा हात त्याच्या गळ्यात टाकला. उजवा मानेवर नीट बसेना, घसरून चादरीवर पडला. तिनं तो परत वर आणला.